बांधावर झाड, रानात पीक, गोठ्यात म्हैस: तिन्ही एकदम जमतंय का?

बेळगुंदीचा_पाहुणा · ३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आता गरज पडली म्हणून लिहितोय.

आमचं गाव बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या पुढं. रान साडेतीन एकर, सगळं मसारी, म्हणजे तांबड्या मातीचं. खालच्या दीड एकरात भात, वरच्या माळाला रताळी आणि बटाटा, एका कोपऱ्यात नाचणी. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि आईच्या चार शेळ्या. (शेळ्यांचा हिशेब घरात कुणी विचारायचा नाही, तो आईचा खासगी कारभार.) मी पुण्यात नोकरीला, महिन्याला एक खेप घरी.

अडचण उन्हाळ्याची आहे. पिंजर (भाताचा पेंढा) घरची असते, पण फेब्रुवारी सरला की हिरवी काडी नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकत आणतो. यंदा मे महिन्यात दुधाचे पैसे आणि वाड्याचे पैसे जवळजवळ बरोबरीत सुटले. म्हणजे तीन महिने म्हशी आम्ही हौसेनं पाळल्या.

म्हणून डोक्यात आलं की बांधावर आणि माळाच्या कडेला चाऱ्याची झाडं लावावीत. पाला जनावरांना, शेण रानाला, जमलं तर चार पैसे लाकडाचे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "सावलीत रताळं लाव आणि काढून दाखव मला. वर वेल बघावा असा, खाली बोटाएवढं मूळ." आठ वर्षांपूर्वी त्यांनी बांधावरचा जुना फणस याच कारणानं तोडला.

तर जाणकारांनो, आप्पांचं बरोबर की माझं? कुठली झाडं, कुठल्या बाजूला, किती अंतरावर? आपल्याच भागातला अनुभव हवा, व्हिडिओ सगळे बघून झालेत.


माळावरचा_म्हसोबा · ३ जून, रात्री १०.५२

आप्पांना +१. महिन्यातून एकदा येणाऱ्यानं बांधाला हात लावू नये.


खानापूरकर · ४ जून, सकाळी ६.३०

पाहुणे, तुमचा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडलाच नाही. जांबोटीच्या वरच्या अंगाला या, झाड नसलेला बांध दाखवलात तर जेवण माझ्याकडं. फणस, आंबा, काजू, जांभूळ, ऐन, हिरडा. यातलं निम्मं कुणी लावलेलं नाही, ठेवलेलं आहे. आमचे आजोबा ऐनाची टहाळ तोडायचे, ती वाळवून तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर जाळायचे, म्हणजे राब भाजायचे आणि त्यावर भाताचं बी फेकायचे. पाला गोठ्यात अंथरायचा, शेणामुतात भिजला की उकिरड्यात आणि तिथनं रानात. तेव्हा त्याला योजना म्हणत नव्हते एवढंच.

काजूचं सांगतो. आम्ही सात-सात मीटरवर कलमं लावली. पहिली चार वर्षं मधल्या पट्ट्यात नाचणी आणि भुईमूग मजेत आला. पाचव्या वर्षी फांद्या भिडायला लागल्या आणि नाचणी पिवळी पडायला लागली. मग पीक सोडलं, नुसतं गवत राखलं, म्हशी बांधल्या. म्हणजे तिन्ही जमतं, पण तिन्ही एका वेळी आणि कायमचं जमत नाही. आधी पीक, मग गवत, मग सावली, अशी पाळी असते. हे लावतानाच डोक्यात पाहिजे, नाहीतर पाचव्या वर्षी माणूस कुऱ्हाड काढतो.

आणि फणस पिकला की वानरं, काजू धरला की साळिंदर, भात पोटरीत आला की गवा. हत्ती आला तर फोन करू नका, पळा.


अथणी_पाटा · ४ जून, सकाळी ९.०५

खानापूरकरांचं ऐकून आमच्याकडच्या कुणी झाडं लावू नयेत हो. आमच्याकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरीप्रमाणं. तुमच्याकडं कणकुंबीला तेवढा एका आठवड्यात ओतून जातो.

आमचं झाड म्हणजे बाभूळ. रामकाठी, सरळ वर जाणारी, सावली विरळ. तिच्या आजूबाजूला शाळू येतो, थोडा बुटका येतो, पण येतो. उन्हाळ्यात शेंगा पडल्या की शेळ्या-मेंढ्यांना पेंड घालायची गरज नाही. दुसरं म्हणजे बन्नी, तुमची शमी. दसऱ्याला पानं वाटतो म्हणून कुणी तोडत नाही, नाहीतर तीपण गेली असती. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात आणि तिच्याखाली बाजरी घेतात. मुळं खोल, पानं बारीक, त्यामुळं पिकाशी भांडण कमी.

तेव्हा ‘कुठलं झाड’ हा प्रश्न बेळगाव जिल्हा म्हणून विचारूच नका. एकाच जिल्ह्यात कोकण पण आहे आणि माणदेश पण.


सुळग्याचा_सुभ्या · ४ जून, सकाळी ९.४०

चंदन लावा. वीस वर्षांनी मुलाच्या लग्नात हत्तीवरून वरात.


दप्तरी_अण्णा · ४ जून, दुपारी १.१५

सुभ्या, हत्तीचं वर खानापूरकरांनी सांगितलंय ते वाच.

चंदनाबद्दल मात्र नीट सांगतो, कारण मी भाजलोय. पूर्वी कर्नाटकात आपल्या रानातलं चंदनसुद्धा सरकारचं असायचं. 2001 साली कायदा बदलला आणि जमिनीच्या मालकाला झाडाची मालकी मिळाली. तेव्हापासून सगळे लावायला लागले. पण चंदन अर्धं बांडगूळ आहे, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून त्याच्यातनं खातात. सुरुवातीला तूर लागते, पुढं करंजाचं किंवा सुरूचं असं कायमचं झाड शेजारी लागतं. नुसती चंदनाची रांग लावून ‘वाढंना, वाढंना’ म्हणून पाणी घालत बसणारे दोघं मी बघितलेत.

माझी अकरा झाडं होती. चौदा वर्षं सांभाळली. गाभा (आतलं वासाचं लाकूड) धरतोय की नाही बघायला मला जमलं नाही, चोरांना जमलं. एका रात्रीत सात गेली, बाकीच्या चारांच्या बुंध्याला भोक पाडून बघितलेलं. तेव्हा चंदन लावायचं तर रानात वस्ती पाहिजे आणि कुत्रं पाहिजे. पुण्यातनं चंदन होत नाही.


गोठ्यातली_डॉक्टर · ४ जून, रात्री ९.२०

मी जनावरांची डॉक्टर आहे, झाडांचं मला कमी कळतं. पण चाऱ्याच्या अंगानं चार गोष्टी.

पाहुणे, आधी ते वाडं. नुसत्या वाड्यावर तीन महिने म्हशी काढू नका. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. व्याल्यावर म्हैस बसली की मला फोन येतो, आणि ‘काय घालत होता?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. खनिज मिश्रण तरी चालू ठेवा.

सुबाभूळ: प्रथिनं भरपूर, जनावरं आवडीनं खातात. पण त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. हिरव्या वैरणीत तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका. घोड्याला घातलं तर शेपटीचे केस झडतात, हे पुस्तकातलं नाही, टांगेवाल्याच्या घोड्याचं मी बघितलंय. आणि शेंगा धरायच्या आधी कापत राहा, नाहीतर सगळ्या माळाला सुबाभूळच उगवेल.

गिरीपुष्प: पहिल्यांदा जनावर तोंड लावणार नाही, वासानं मागं सरतं. पाला एक दिवस सुकवून, पिंजरीत मिसळून थोडा-थोडा घाला. आठ-दहा दिवसांत सवय लागते. शेळ्या आधी शिकतात, म्हशी मागनं.

हादगा, शेवरी, शेवगा: डोळे झाकून घाला. फणसाचा पाला शेळीला म्हणजे आपल्याला पुरणपोळी.


निपाणीची_वहिनी · ४ जून, रात्री ११.००

डॉक्टरबाई, हादगा-शेवरीचं नाव काढलंत आणि माझ्या माहेरचा पानमळा डोळ्यापुढं आला. मिरजेकडचं माहेर. वेलीला आधार म्हणून शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा दाट पेरायचे. झाड वर गेलं की फांद्या छाटून कवडसा पडेल एवढीच सावली ठेवायची. पानवेलीला ऊन चालत नाही आणि काळोखही चालत नाही. छाटलेला पाला दारातल्या शेळ्यांना. वर्षाला वेलींची उतरण व्हायची, वेल खाली घेऊन मातीत गुंडाळायचे, त्यात शेणखत. म्हणजे झाड, पीक, जनावर तिन्ही एकाच वाफ्यात. पुस्तकवाले आत्ता सांगतात ते माझ्या आजोबांच्या हाताला ठाऊक होतं. फक्त हात रोज लागायचा. चार दिवस मळ्यात माणूस नाही म्हणजे मळा गेला.

सासर तंबाखूचं. तिथं झाड दिसलं की सासरे अस्वस्थ. तंबाखूला ऊन पाहिजे.


सुळग्याचा_सुभ्या · ४ जून, रात्री ११.१२

तंबाखू भाजायला लाकूड लागतंय की वहिनी. बांधावर सुरू लावा, भट्टीला होईल.


निपाणीची_वहिनी · ५ जून, सकाळी ७.००

भट्टीचा तंबाखू तो म्हैसूरकडचा, सिगारेटचा. आमचा बिडीचा. पान कापून रानातच उन्हात वाळवतात, त्याला काडीभरही लाकूड लागत नाही. सुभ्या, तू एकदा निपाणीला ये, शिंकत परत जाशील.


एक_मास्तर · ५ जून, सकाळी ८.१५

भूगोल शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे राहवत नाही. ‘कुठल्या बाजूला’ या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही.

बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेसोळा-सोळा अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. वीस फुटी झाड धरा. जूनच्या शेवटी भर दुपारी त्याची सावली दक्षिणेला जेमतेम पावणेतीन फूट. डिसेंबरच्या शेवटी तीच सावली उत्तरेला सोळा फूट. म्हणजे पावसाळी भाताला सावलीचा त्रास थोडा, पण उशिरा लावलेल्या रताळ्याला आणि भातानंतरच्या मसुराला खरा त्रास.

तेव्हा झाडं उत्तरेच्या बांधावर लावावीत. हिवाळ्यात सावली आपल्या रानाबाहेर पडते. रांग पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळची लांब सावली रांगेच्याच अंगावर पडते. उत्तर-दक्षिण रांग असेल तर सकाळी एका बाजूचं, संध्याकाळी दुसऱ्या बाजूचं पीक झाकलं जातं.


माळावरचा_म्हसोबा · ५ जून, सकाळी ८.२१

मास्तर, उत्तरेच्या बांधावरच्या झाडाची सावली आपल्या रानाबाहेर पडते. मग कुणाच्या रानात पडते?


एक_मास्तर · ५ जून, सकाळी ८.३०

शेजाऱ्याच्या.


माळावरचा_म्हसोबा · ५ जून, सकाळी ८.३१

आणि आपल्याकडं शेजारी म्हणजे कोण?


दप्तरी_अण्णा · ५ जून, सकाळी ८.४०

चुलतभाऊ :) आणि भूगोल संपून दिवाणी न्यायालय चालू.

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या गावात आंब्याच्या एका फांदीवरून दोन घरं अकरा वर्षं बोलत नाहीत. फांदी मधेच वाळून पडली, भांडण हिरवं आहे. पाहुणे, उत्तरेला भावकी असेल तर बांध सोडून पाच-सहा हात आत लावा, नाहीतर दर वर्षी छाटून उंची डोक्याएवढी ठेवा. आणि उताऱ्यात झाडांची नोंद करून घ्या.


किणयेची_सून · ५ जून, सकाळी ११.३०

सावलीपेक्षा मुळं जास्त खातात असा आमचा अनुभव. घरामागं नीलगिरीची रांग होती. दोन वाफ्यांत काहीच यायचं नाही. दीरांनी झाडं आणि रान यांच्या मधे दोन फूट खोल चर मारला, तेव्हा कुठं पुढच्या वर्षी भुईमूग दिसला. चर दर उन्हाळ्यात उपसावा लागतो, मुळं परत येतात. नव्या नीलगिरीवर तर 2017 मध्ये सरकारनंच बंदी घातली.


चिकोडी_४२० · ५ जून, दुपारी ३.१०

कुणी हेब्बेवू लावलाय का? मिलिया डुबिया. सहा-सात वर्षांत प्लायवूडवाले दारात येऊन पैसे देतात म्हणे.


हुक्केरीचा_हणमा · ५ जून, संध्याकाळी ६.४५

लावलाय. चारशे रोपं. रोपवाल्यानं ‘आम्हीच परत घेणार’ म्हणून कागदावर लिहून दिलं होतं. तिसऱ्या वर्षी फोन लागेना, चौथ्या वर्षी दुकानाच्या जागी चप्पलचं दुकान.

झाडं वाढली, त्याबद्दल तक्रार नाही. बापरे, कसली वाढली. पण खालच्या फांद्या वेळेवर तासल्या नाहीत तर खोडाला गाठी पडतात आणि प्लायवूडवाला नाक मुरडतो. पहिली दोन वर्षं मधे सोयाबीन घेतलं, पुढं सावली. आता कडेच्या रांगा ठेवून मधल्या एकाआड एक तोडणार, खाली नेपियर गवत लावणार. विकत घेणारा कारखाना किती लांब आहे आणि तोडून न्यायला ट्रकभर माल होतोय का, हे लावायच्या आधी विचारा. दोनशे झाडांसाठी ट्रक येत नाही.


चुलीपुढची · ५ जून, रात्री ९.५०

सगळ्यांचं वाचलं. सावली, मुळं, मिमोसिन, सूर्य माथ्यावर, सगळं. एक प्रश्न कुणी विचारला नाही.

पाला तोडणार कोण?

गिरीपुष्प दोन-अडीच महिन्याला छाटावं लागतं. सुबाभूळ छाटली नाही तर डोक्यावर जाते. हादगा वरच्या अंगाला तोडायचा म्हणजे आकडी घेऊन बांधावर उभं राहायचं. मग भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, गोठ्यापर्यंत आणायचा, बारीक करायचा. वाडं निदान टेम्पो दारात टाकून जातो. पाहुणे, तुम्ही पुण्यात. आप्पांचं वय काय? म्हणजे लावणारे तुम्ही, हो-नाही म्हणणारे आप्पा आणि भारा वाहणारी आई. तिला विचारलंत का?

आमच्याकडं सासऱ्यांनी हौसेनं शंभर सुबाभळी लावल्या होत्या. आता ते जंगल आहे.


खानापूरकर · ५ जून, रात्री १०.१५

ताई, नेमकं बोट ठेवलंत. आमच्याकडं टहाळ तोडणं बंद झालं ते कायद्यानं नाही. वर चढणारी पोरं गोव्याला कामाला गेली.


एक_मास्तर · ५ जून, रात्री १०.३०

अवांतर: शिरसीकडं सुपारीच्या बागायतदारांना पाल्यासाठी वेगळी राखीव डोंगरजमीनच असते, सोप्पिन बेट्ट. एक एकर बागेला नऊ एकरांपर्यंत. बागेत घालायला एवढा पाला लागतो! तिकडंही आता तोडायला माणूस मिळत नाही, असं माझे एक हेगडे मित्र सांगतात.


सीमावासी · ६ जून, सकाळी ७.२०

देशानं 2014 साली कृषी-वनीकरणाचं राष्ट्रीय धोरण आणलं, जगात पहिलं. कर्नाटकाची आपली योजना त्याच्याही आधीची, 2011-12 पासूनची. वन खात्याकडनं रोपं घ्यायची, नोंद करायची. जगलेल्या रोपामागं पहिल्या वर्षाअखेर ३५, दुसऱ्या ४०, तिसऱ्या ५०, मिळून १२५ रुपये. मी दोनशे रोपं लावली, एकशे तीस जगली, पैसे खात्यात आले. अर्ज कन्नडातला. पुतण्या कन्नड शाळेतला, त्यानं भरला, आणि मला वाचून दाखवताना ‘काका, इथं अंगठा’ म्हणाला, त्याला दोन दिवस बोललो नाही.

तोडायचं बघून लावा. 1976 चा झाडांचा कायदा आहे. सागवान आपल्या रानातला असला तरी तोडायला आणि न्यायला परवानगी लागते. सिल्व्हर ओक, सुबाभूळ, सुरू, गिरीपुष्प यांना ती कटकट नाही.


सुळग्याचा_सुभ्या · ६ जून, सकाळी ७.४०

अर्ज मराठीत का नाही यावर


संपादक · ६ जून, सकाळी ७.४४

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, पान ४१२ चालू आहे. इथं झाडंच ठेवू.


बकरी_बसवणारा · ६ जून, दुपारी १२.३०

मेंढरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. सुगीनंतर आम्ही रानात बकरी बसवतो (पुणेकरांसाठी: मेंढरं). धनगर कळप घेऊन येतात, रात्रभर रानात बसवतात, लेंडी-मूत रानाला. रात्रीचे ठरलेले पैसे किंवा धान्य. खताच्या पोत्यापेक्षा माझा यावर विश्वास.

पण मागच्या वर्षी बांधावर साठ रोपं लावली होती, हादगा आणि शेवगा, गुडघ्याएवढी. मी कळपवाल्याला सांगितलं, तो ‘व्हय व्हय’ म्हणाला. सकाळी बघतो तर साठच्या साठ काड्या. पानाचा ठिपका नाही. चूक त्याची नव्हेच, मेंढराला ‘हे वैरणीचं झाड आहे, तीन वर्षांनी खायचं’ असं कोण समजावणार? तेव्हा पहिली दोन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी करा, नाहीतर त्या बाजूला कळप बसवू नका. झाडाचा शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर गेला की मोकळे.


बेळगुंदीचा_पाहुणा · ७ जून, सकाळी १०.००

मंडळी, शनिवारी रात्री घरी पोचलो. ‘चुलीपुढची’ ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "त्या बाईला सांग, बरोबर बोललीस."

मग म्हणाली, चल. मला वरच्या बांधावर घेऊन गेली. आप्पांनी तोडलेला फणस होता ना, त्याचं खोड अजून तिथं आहे. कमरेएवढं. त्याला चारी बाजूंनी फुटवे, बोटाएवढे, काही मनगटाएवढे. कापल्याच्या खुणा एकावर एक, जुन्या काळ्या पडलेल्या, ताज्या पांढऱ्या, चीक वाळलेला. आठ वर्षं ती विळ्यानं फुटवे तोडून शेळ्यांना घालतेय. उन्हाळ्यात तिच्या शेळ्या धष्टपुष्ट कशा, याचं आम्हाला नवल वाटायचं.

मी विचारलं, आप्पांना माहीत आहे? म्हणाली, "त्यांना कशाला सांगायचं? सावली कुठं पडतीय?"

खोड कमरेएवढं असल्यानं आकडी नको, वर चढणं नको, भारा लहान. ‘झाड’ म्हटलं की आमच्या डोक्यात वीस फूट येतं, तिच्या डोक्यात कंबर.


गोठ्यातली_डॉक्टर · ७ जून, सकाळी १०.२५

आईंना साष्टांग. सगळ्या धाग्याचं उत्तर बांधावरच होतं.


दप्तरी_अण्णा · ७ जून, सकाळी ११.१०

आता कामाचं बोला. गिरीपुष्प लावणार असाल तर काडीपेक्षा बियांची रोपं घ्या. काडीची मुळं वरवर राहतात, आपल्या माळावरच्या वाऱ्याला कलंडतात. बियांचं खोल जातं. एकेक मीटरवर लावा, कमरेला छाटत राहा. शेवग्यात आपल्याच जिल्ह्यातल्या अरभावीच्या बागायती महाविद्यालयातनं आलेलं ‘भाग्य’ वाण आहे, शेंगांसाठी तेच बघा. शेवगा वाऱ्यानं मोडतो, म्हणून त्यालाही उंच जाऊ देऊ नका.


माळावरचा_म्हसोबा · ७ जून, सकाळी ११.३०

माझं आप्पांना दिलेलं +१ परत घेऊन आईंना.


खानापूरकर · १८ नोव्हेंबर, रात्री ८.००

धागा वर काढतोय. पाहुणे, काय झालं पुढं?


बेळगुंदीचा_पाहुणा · १९ नोव्हेंबर, रात्री ११.१५

लावली. उत्तरेच्या बांधावर, बांध सोडून सहा हात आत. गिरीपुष्प नव्वद, हादगा वीस, शेवगा दहा. जागा आईनं ठरवली. गोठ्याजवळचा कोपरा आधी, कारण ‘लांबचं कुणी तोडत नाही’. आप्पा दोरी धरायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन रोपं उपटून चुलत्यांच्या बांधापासून अजून दोन हात आत लावलेली. कुणी लावली विचारलं नाही.

मर: हादगा वीसपैकी नऊ गेले, पावसात पाणी साचलं. गिरीपुष्प आठच गेलं. शेवगा एका वाऱ्यात निम्मा. रताळी काढली, गिरीपुष्पाच्या जवळच्या तीन सऱ्यांत बाकीच्यांपेक्षा कमी नाहीत. अर्थात झाडं अजून मांडीएवढीच आहेत, मास्तरांनी लगेच गणित करू नये.


एक_मास्तर · २० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

करत होतोच. थांबतो.


बेळगुंदीचा_पाहुणा · ९ मे, रात्री १०.०५

पहिली छाटणी एप्रिलात झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या तस्संच. पहिल्या दिवशी म्हशीनं पाटीत तोंड घातलं, फुस्स करून पाटी उलटवली. आईनं पाला एक दिवस पडवीत पसरून सुकवला, पिंजरीत कालवला, वर मूठभर भुसा मारला. सहाव्या दिवशी एकीनं खाल्लं, नवव्या दिवशी दोघींनी. शेळ्यांनी पहिल्याच दिवशी फडशा पाडला.

वाडं बंद झालेलं नाही. नव्वद झाडांत दोन म्हशींचं भागत नाही, हे साधं गणित मी आधी करायला हवं होतं. यंदा वाड्याच्या खेपा आठवड्याला दोनाऐवजी एक झाल्या, एवढंच. पुढच्या जूनला आणखी दीडशे लावणार. आप्पा परवा म्हणाले, "दक्षिणेच्या बांधाला नको, बाकी कुठंही लाव."


चिकोडी_४२० · १० मे, सकाळी ७.३०

बियाणं मिळेल का तुमच्याकडं? गाडी घेऊन येतो.


बेळगुंदीचा_पाहुणा · १० मे, सकाळी ७.५०

कमरेला छाटतोय, शेंगा कुठल्या धरणार. काड्या न्या पाहिजे तेवढ्या, वाऱ्याचं दप्तरी अण्णांनी सांगितलंय ते ध्यानात ठेवा. येण्याआधी आईला फोन करा. फणसाच्या खोडाकडं मात्र जाऊ नका, ते तिचं आहे.